निळ्या दिव्याचा वाटा

बांगडा कसा संपला ते विचारायला जो येतो, त्याला आधी चोर हवा असतो. कॅमेरे लावतात, माझ्या तोंडासमोर माईक धरतात आणि विचारतात, "नियम कोणी मोडला? लाच कोणी खाल्ली?" मी सांगते, अरे बाबांनो, कोणीच नाही. कोणी मोडला असता तर बरं झालं असतं, त्याच्या कानाखाली एक वाजवून मी मोकळी झाले असते. चोर नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडतात. चहा पितात, फोटो काढतात, आणि घरी जाऊन मनाला येईल ते छापतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सगळं सांगून टाकावं.

मी सुगंधा सारंग, पोफळबंदरची. जन्मभर मासे विकले. तोंड माझं फाटकं, असं बाजारात कोणीही सांगेल, आणि ते खोटं नाही. माझा घोव बाबल सारंग. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून आजवर कोणी मेलेलं नाही, तेव्हा मी घेते. ते आमच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. आणि आमची एकुलती एक नमिता, जिने तो निळा दिवा केला.

रापण म्हणजे काय ते शहरातल्या लोकांना समजावून सांगावं लागतं. अर्धा किनारा कवेत घेईल एवढं लांब जाळं होडीतून अर्धगोल टाकत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि साऱ्या गावाने मिळून ओढायचे. पुरुष, बायका, म्हातारे, सगळ्यांनी. ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा. मग तो जाळ्याचा मालक असो, नाहीतर वाटेत सायकल टेकवून थांबलेला पोस्टमन असो.

आणखी एक रीत आहे. मोसमाच्या शेवटच्या ओढीला ज्याचा ज्याचा हात दोराला लागला, त्याचं नाव पुढच्या मोसमाच्या पहिल्या ओढीला पुकारतात. तो मधल्या पावसात मेलेला असला, बुडालेला असला, पोटासाठी मुंबईला गेलेला असला, तरी पुकारतात. त्याच्या घरातलं कोणीतरी पुढे येतं आणि वाटा घेतं. मी लहान होते तेव्हा माझा बापूस पावसाळ्याच्या तोंडावर बुडाला. मोसम लागल्यावर त्याचं नाव पुकारलं, आणि माझी आवस, म्हणजे आई, उठून हात पसरून पुढे गेली. ते मासे आम्ही जेवलो. त्या दिवसापासून मला वाटतं, जगात याहून शहाणी रीत नाही.

तर आता दिव्याचं.

नमिता गोव्याला शिकायला गेली तेव्हा आमच्या समुद्राची दशा वाईट होती. बाहेरच्या मोठ्या बोटी यायच्या, पाण्यात पांढरे दिवे सोडायच्या. संध्याकाळ झाली की क्षितिजावर जत्रा भरल्यासारखं वाटायचं. त्या उजेडाला सगळंच यायचं, मोठा मासा, पिल्लू, पोटात अंडी असलेली मादी, जे दिसेल ते. रापणीला राहायचे खेकडे आणि प्लास्टिक. बाबल दिवसभर पडवीत बसून जाळं शिवायचे, फाटलेलं नसलं तरी शिवायचे. त्यांना तसं बसलेलं बघून माझा जीव तुटायचा, आणि मी उलट त्यांनाच बोलायचे.

शिक्षण संपवून नमिता गोव्यातल्याच एका प्रयोगशाळेत लागली, आणि एका गणपतीला ती घरी आली ती काखेत एक लांबट पेटी घेऊन. मला वाटलं पेटी वाजवायला शिकली. उघडली तर आत काचेची नळी, हातभर लांब.

"दिवो?" बाबलनी विचारलं. "त्या बोटवाल्यांचो आमका जाळून जीव भरूक नाय, म्हणान घरातलाच चेडू दिवो घेऊन इला!"

"बाबा, ह्यो पांढरो नाय. निळो असा."

"पांढरो काय नि निळो काय. रंगाचोच फरक मां?"

"रंगाचोच," नमिता म्हणाली, आणि पडवीतला विझलेला बल्ब काढून आमच्या समोर धरला. त्याच्या पोटात बारीक पिवळे ठिपके होते. एवढी वर्षं तो बल्ब डोक्यावर टांगलेला, मी कधी बघितलेच नव्हते.

तिने सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. हे जे आजचे दिवे आहेत त्यांत तार तापत नाही. एक स्फटिक असतो, त्यात वीज सोडली की आतले कण वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारतात, आणि त्या उडीतून उजेड पडतो. उडी लहान तर उजेड तांबडा, जरा मोठी तर हिरवा. निळ्याला सगळ्यांत मोठी उडी लागते. तांबडा नि हिरवा दिवा लोकांनी लवकर केला, पण निळ्यापाशी शास्त्रज्ञ तीसेक वर्षं अडून बसले. त्याला जो स्फटिक लागतो, गॅलियम नायट्राइड, तो धड वाढायचाच नाही, तडकायचा. बऱ्याच जणांनी नाद सोडला. जपानात दोनतीन हट्टी माणसांनी सोडला नाही, आणि तो एकदाचा जमला. निळा आल्यावर पांढरा आला. कसा, तर निळ्या ठिपक्यावर पिवळी भुकटी लावायची. निळं नि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. जगातले सगळे दिवे बदलले ते त्या एका निळ्या ठिपक्यामुळे. घरातले, रस्त्यावरचे, फोनमधले, आणि त्या मेल्या बोटींचेसुद्धा.

"आता समुद्रात काय होता," ती म्हणाली, "तांबडो उजेड पाण्यात पयल्यांदा मरता. निळो सगळ्यांत खोल जाता. आणि माशाचो डोळो वयाप्रमाण बदलता. पिल्लाचो डोळो जांभळ्याकडे झुकलेलो, मोठ्या बांगड्याचो निळ्याकडे. मी असो निळो काढलंय, जो मोठ्यांकाच गोड लागता. आणि कडेक वायच जांभळो ठेवलंय, तेका पिल्लां भियान पळतत. म्हंजे म्हातारे येतले, पोरां वाचतली."

बाबलनी नळी हातात घेतली. मग नळीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "पिल्लां वाचतली?"

"एकूण एक."

"मगे बरा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. मी आत जाऊन खोबरं खवायला बसले आणि खवता खवता रडले. आनंदाने हो. माझी पोर बापासाठी दिवा करून घेऊन आली होती.

सरकारच्या लोकांनी दोन वर्षं तपासलं. खरंच पिल्लं येत नव्हती. मग हुकूम निघाला: पांढरे दिवे सगळीकडे बंद, पकडलं तर बोट जप्त. निळा दिवा फक्त रापणवाल्यांना, आणि एका रापणीने आठवड्यातून एकदाच पेटवायचा, मधले दिवस समुद्राला विश्रांती. हा नियम नमितानेच लिहून दिलेला. आमचे सरकारी लोक आळशी, त्यांना एवढं सुचलं नसतं.

पहिल्या ओढीचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिन्हीसांजेला होडी बाहेर गेली, दिवा पाण्यात सोडला, आणि माशांचा थवा त्याच्याभोवती जमल्यावर बाबलनी होडी हळूहळू किनाऱ्याकडे आणली. थवा मागून आला! वासरू दाव्यामागे यावं तसा. पहाटे फटफटताना जाळं ओढलं तर दोर हलेना. आम्ही बोंबलून सगळ्या वाडीला बोलावलं. बांगडे, नुसते मोठे बांगडे, हाताएवढे, पाठ निळीशार. मी जन्मात एवढा मासा बघितला नव्हता. बाबल वाळूवर बसून लहान पोरासारखे हात आपटत होते.

पण बातमी काय झाकून राहते? आमच्या वळणाच्या किनाऱ्यावर सात गावं. पुढच्या ओढीला शेजारच्या गावातली माणसं आली आणि दोराला हात लावून उभी राहिली. त्याच्या पुढच्या ओढीला आणखी दोन गावं. नाही कसं म्हणायचं? दोराला हात लागला की वाटा. माणसं एवढी झाली की दोर कमी पडायला लागला, आणि वाट्याला येईनात धड चार मासे. भांडणं व्हायला लागली. एका बाईने माझ्या डोक्यात टोपली घातली, मी पण तिचा अंबाडा सोडला नाही.

तेव्हा देवळासमोर सात गावांची बैठक बसली. बाबल उठले. माझा माणूस फार बोलत नाही, पण बोलला की लोक ऐकतात.

"दोराक हात लागल्यार वाटो देवकच होयो," ते म्हणाले. "पण असा भांडान खावचा नाय. दिवो आमचो नाय, दर्याचो. सात गावां, सात दिस. एका गावाक एक दिस दिवो देवया. आपली रापण आपण ओढूची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एवढा न्यायाचा माणूस आपला नवरा, म्हणून माझी मान ताठ झाली. त्या दिवशी देवळासमोर एकाच्याही मनात पाप नव्हतं.

रात्री नमिताचा फोन आला. बाबलनी तिला सगळं सांगितलं. ती पलीकडून म्हणाली, "बाबा, असा केल्यार दिवो रोज पेटतलो."

"खंयच्या गावात रोज? पोफळबंदरात आठवड्यासून एकदाच. शेजारच्या गावात आठवड्यासून एकदाच. नियम तूच लिवलंस मां?"

"हो, पण दर्या एकच असा."

"मगे मी काय सांगू तेंका? आमी खातो, तुमी बघा?"

तीही त्याच वाट्यावर वाढलेली पोर. नाही म्हणायचं तिच्याही जिभेवर आलं नाही. एवढंच म्हणाली, "पिल्लां तरी वाचतत. बघूया." आणि फोन ठेवला. त्या वर्षी दिल्लीत तिचा सत्कार झाला. पुढे मंगळूरपासून वेरावळपर्यंत निळे दिवे लागले, आणि जिथे जिथे माणसं भली होती तिथे तिथे त्यांनी दिवा आपसांत असाच वाटून घेतला.

दोन मोसम सोन्याचे गेले. सहा गावं जेवली. सातवं आडखोल, ते माझं माहेर. बैठकीनंतर आलेल्या वादळात त्यांच्या होड्या गेल्या, जाळं गेलं, आणि माझा भाऊ गेला. त्याची बायको, द्वारकावैनी, दोन पोरं घेऊन राहिली. आडखोलच्या बायकांनी एक होडी उसनी आणली आणि मिळून नवं जाळं विणायला घेतलं. ते पुरं होईपर्यंत तिसरा मोसम उजाडला. त्यांच्या दिवसाला दिवा जायचा आणि रिकामा परत यायचा, कारण तोवर समुद्रच रिकामा व्हायला लागला होता.

आधी आम्हाला वाटलं, पाणी तापलंय, पुढच्या पंधरवड्याला येतील. आले नाहीत. चौथ्या मोसमाला नमिता महिनाभर रजा काढून आली. होडीतून लांब बाहेर जायची, गळाने चार मासे धरून आणायची, आणि मला म्हणायची, "आये, डोकी टाकू नको." डोक्यातून ती कानाचा दगड काढायची. बांगड्याच्या कानात तांदळाच्या कणीएवढा दगड असतो, झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षांची वळी असतात. ती भिंगाखाली धरून बघत बसायची आणि तिचं तोंड उतरत जायचं.

"सगळी पोरां," ती एकदा म्हणाली. "एका पावसाची. म्हातारो एक नाय."

"मगे बरा मां? पोरां वाचली म्हणान तर तू दिवो केलंस."

"आये, पोरां वाचली. पण ती हंय येणत नाय." तिने फोनवर उपग्रहाचा नकाशा दाखवला. समुद्रात लांब माशांचे थवे तांबड्या डागांसारखे दिसत होते. ते आमच्या किनाऱ्याच्या समोरून सरळ पुढे जात होते आणि बाहेर खोल पाण्यात विरून जात होते. "पाऊस सरल्यार किनाऱ्याक येवचा, ह्या माशाक जन्मतः म्हायत नसता. तीनचार पावस बघलेले मासे फुडे असतत, पोरां तेंच्या मागसून येतत आणि शिकतत. आमी फुडचे सगळे काढले. आता पोरांका वाट दाखवणारो कोण रवलो नाय."

मी विळीवर बसले होते. मला आधी राग आला, तिचाच. मी म्हटलं, "ह्या तुका आता कळला?"

"हो," ती म्हणाली. "आता कळला." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी बोलले ते मला परत गिळता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्याच मोसमाच्या शेवटी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, एक थवा आला. लहानच, पण किनाऱ्याच्या अगदी जवळ, आडखोलच्या खडकांपाशी. नमिता होडी घेऊन धावली, दोन मासे धरले, दगड काढले. चार वळी. म्हातारे! कुठून कसे वाचले होते देव जाणे. आणि त्यांच्या मागून पोरांचा एक पातळ थवा येत होता.

ती धावत घरी आली. चप्पलसुद्धा एकच होती पायात. "बाबा, ह्येच! ह्ये शेवटचे! हेंका सोडल्यार फुडल्या वर्साक पोरांका घेऊन परत येतले. दिवो आता पेटवचो नाय. कोणीच नाय!"

बाबलनी तिच्याकडे बघितलं. "आज खंयच्या गावाचो दिस?"

तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आडखोलचा.

"सा गावांचो वाटो मी ह्या हातांनी केलंय," बाबल म्हणाले. "सातव्याक खंयच्या तोंडान नाय सांगू?"

"मगे मी सांगतंय," नमिता म्हणाली. "आये, तू चल. तुजा म्हायार असा."

आम्ही गेलो. द्वारकावैनी अंगणात जाळं पसरून बसली होती, नवं जाळं, एकदाही मासा न लागलेलं. नमिताने तिला सगळं सांगितलं, दगड, वळी, वाट, सगळं. वैनीने नीट ऐकून घेतलं. ती काही अडाणी नाही, दहावी झालेली आहे.

"वन्सं," ती नमिताशी नाही, माझ्याशी बोलली, "सा गावांनी खाल्ल्यानी तेवा ह्या सगळा खंय होता?"

मी हात पदराखाली घेतला. माझ्या हातातल्या बांगड्या त्याच दोन मोसमांच्या पैशांच्या होत्या.

"मामी, ह्ये गेले तर पोरांका किनाऱ्याक हाडतलो कोण?" नमिता म्हणाली.

"चेडवा, माज्या पोरांका ह्यो पावस काढूक देतलो कोण?" वैनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दिवो तुमच्या घरात असा. धाडूचो तर धाडा, नाय तर रवांदे. आमी दार फोडूक येवचे नाय. पण मगे पुना वाट्याची गोष्ट माज्याकडे करू नकात."

परत येताना नमिता म्हणाली, "आये, तू बाबांका सांग. तुजा आयकतले."

बाबल पडवीत दिवा मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी नुसती मान वर केली. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी नेला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांसमोर आवस आली, हात पसरून पुढे जाणारी. आणि नमिता माझ्या मागे उभी. मी तोंड उघडलं, आणि माझ्यासारख्या फाटक्या तोंडाच्या बाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. बाबलनी थोडा वेळ वाट बघितली. मग दिवा खांद्यावर घेतला आणि आडखोलच्या वाटेला लागले. नमिता त्यांच्यामागे काही पावलं धावली आणि थांबली.

तिन्हीसांजेला दिवा पाण्यात उतरला. समुद्राच्या पोटात ती निळी ज्योत, आणि तिच्याभोवती फिरणारे म्हातारे. कडेचा जांभळा उजेड लागताच मागची पोरं पांगली आणि बाहेर काळोखात गेली. नमिताने तसंच केलेलं होतं, पोरांनी पळावं म्हणून. म्हातारे मात्र होडीमागून गुपचूप आले.

पहाटे दोर वाळूवर आले. आडखोलच्या बायका, पोरं, दोनचार म्हातारे. मी वैनीच्या शेजारी उभी राहिले आणि दोर धरला. सगळ्यांबरोबर मीही ओढायला लागले.

एवढ्यात नमिता पाण्यात शिरली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिने जाळ्याच्या बाजूने दोर धरला आणि उलटा ओढायला लागली, समुद्राकडे. एकटी. "सोडा!" ती ओरडत होती. "मामी, सोड! आये, तू तरी सोड गो!"

मी सोडला नाही. कोणीच सोडला नाही. आम्ही ओढलं तशी ती दोराबरोबर खेचली जाऊन वाळूपर्यंत आली, गुडघे सोलवटलेले, केस तोंडावर, दोर अजून मुठीत. तिच्यामागून जाळं आलं. मासा फार नव्हता, पण होता तो एकजात मोठा.

वाटा करायला बाबलनाच बसवलं. ते एकेकाचं नाव घेत होते, ओंजळ भरत होते. वैनीला दिलं तेव्हा ती त्यांच्या पाया पडली. सगळ्यांचं झाल्यावर ते म्हणाले, "नमिता बाबल सारंग."

"माका नको."

"दोराक हात लागलो."

"बाबा, मी ओढूक नाय, थांबवूक धरलेलंय!"

"दोराक ता कळणा नाय," बाबल म्हणाले. त्यांनी भरलेली ओंजळ पुढे धरली. "रीत मोडूक माका सांगू नको, बाय. तेच्याशिवाय माज्याकडे काय नाय."

तिने ओढणीत वाटा घेतला. घरी येऊन ओट्यावर बसली आणि एकेक डोकं उघडून दगड काढले. सगळ्यांचे. मग मला म्हणाली, "आये, हेंका सगळ्यांका वाट म्हायत होती." दगड तिने कागदाच्या पुडीत बांधून नेले. संध्याकाळच्या गाडीने गेली. बापाला सांगून गेली नाही, आणि बापाने विचारलं नाही.

पुढचा पावसाळा सरला. नारळ वाहिला. नकाशावर पोरांचे थवे दिसत होते, बरेच दिसत होते, आमच्या समोरून सरळ पुढे जाणारे. बाबल एका संध्याकाळी न राहवून होडी घेऊन त्यांच्यापर्यंत गेले आणि दिवा सोडला. पोरं त्याला बघून फुटली आणि पळाली. समुद्रात आता जो मासा उरला होता, तो नेमका तोच, ज्याला हा दिवा बोलावू शकत नव्हता.

त्यांनी नमिताला फोन लावला. इतक्या महिन्यांनी पहिला. ती आता संशोधनाच्या जहाजावर असते, थव्यांच्या मागे फिरते. "रंग बदलून दी," ते म्हणाले. "पोरांका आवडतलो असो काढ. मी तेंका घेऊन येतंय किनाऱ्यार."

"काढूक येतलो, बाबा. पण ती दिव्यामागसून येतली. दिवो विझल्यार परत हरवतली. वाट तेंच्या डोक्यात घालणारो दिवो माका येणा नाय."

"मगे तू घरी कधी येतलंस?"

"बघूया," ती म्हणाली. बाबलनी फोन ठेवला आणि दिवा पेटीत बंद केला. मी आतून सगळं ऐकत होते.

मोसमाची पहिली ओढ चुकवायची नसते. यंदा सातही गावं एकाच रापणीला आली, कोणी बोलावलं नव्हतं तरी आली. ओढताना दोर हलका लागत होता, सगळ्यांना कळत होतं, तरी ओढत राहिले. जाळ्यात थोडं शेवाळ आणि चारदोन जेलीफिश आले.

मला वाटलं आता लोक घरी जातील. पण सगळे वाळूवर बसून राहिले, आणि बाबल जाळ्यापाशी उभे राहिले. गेल्या मोसमाच्या शेवटच्या ओढीची, म्हणजे त्या आडखोलच्या ओढीची, नावं पुकारायची होती. त्यांनी सुरुवात केली. "द्वारका." वैनी उठली, हात पुढे केला. बाबलनी रिकामी ओंजळ तिच्या हातावर पालथी केली. ती जागेवर जाऊन बसली. मग पुढचं नाव. कोणी हसलं नाही. दोन नावं पावसात मेलेल्यांची होती, त्यांच्या घरच्यांनी घेतला वाटा.

शेवटी एकच नाव उरलं. "नमिता बाबल सारंग."

कोणीच उठलं नाही. बाबलनी वाळूकडे बघत दुसऱ्यांदा पुकारलं. मेलेल्या माणसाचं नाव पुकारतात त्याच आवाजात पुकारलं, आणि माझी पोर जिवंत आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला. पण कोणी नसेल तर वाटा घरातल्याने घ्यायचा असतो.

मी उठले आणि हात पसरून पुढे गेले.